जाळीच्या कपाटात

आई, तुझ्या जाळीच्या कपाटात मी कंप्युटर बसवला आहे. मधल्या कप्प्यात, जिथं तू दूध ठेवायचीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. तू असतीस तर पहिल्यांदा कपाळाला हात लावला असतास आणि मग विचारलं असतंस, दूध कुठं ठेवता मग? दूध फ्रिजमध्ये असतं आता. फ्रिज आला त्यालाही बरीच वर्षं झाली. कपाट तेव्हाच मोडीत जायचं, पण अण्णांनी जाऊ दिलं नाही. वरच्या कप्प्यात त्यांची औषधं, खालच्या कप्प्यात रद्दी आणि मधला रिकामा. मधला कप्पा ते अधूनमधून पुसायचे आणि दार लावून ठेवायचे. मी सुट्टीला आले की हे पाहायचे, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आपल्या घरात बोलायचं काम तुझ्याकडे होतं, ते नंतर कुणी घेतलंच नाही.

मी आता इथंच राहते. लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल तुला सांगत बसत नाही, तो माणूस तुला माहीत नाही हेच बरं. पुण्यात नोकरी होती, भाड्याचं घर होतं, सगळं आपापलं चाललं होतं. मग गेल्या वर्षी अण्णा गॅस चालू ठेवून काष्टीच्या बाजाराला निघून गेले. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून घर राहिलं. मी त्यांना म्हटलं, पुण्याला चला. तर म्हणाले, "तिथं मी काय करू? गॅलरीत बसून लिफ्ट किती बारी वर गेली ती मोजू?" ऐंशीला टेकले आहेत, नजर कमी झाली आहे, हात थरथरतात, पण नाही म्हणायची ताकद शाबूत आहे. शेवटी मीच आले. यावंसं वाटलं म्हणून नाही, यायला हवं होतं म्हणून. बॅगा भरताना घर सोडायचं वाईट वाटलं नाही, आणि इथं उतरल्यावर आनंदही झाला नाही. रिक्षावाल्याने किती सामान आहे म्हणून कटकट केली, तेवढंच आठवतं.

माझं काम तुला कसं समजावू? जी घरं अजून बांधलेली नाहीत, त्यांची मी चित्रं करते. बिल्डर नकाशा देतो, मी कंप्युटरवर ते घर उभं करते, ओट्यावर फळांची टोपली ठेवते, खिडकीतून ऊन सोडते. लोक ते बघून फ्लॅट घेतात. इतकी स्वयंपाकघरं केली आजवर, जाळीचं कपाट एकातही नाही. ते चित्र पक्कं व्हायला कंप्युटर तासन्‌तास एकटाच राबतो आणि राबताना तव्यासारखा तापतो. फार तापला की आपणहून बंद पडतो आणि झालेलं काम जातं. लॅपटॉपचं हे काम नाही, त्याला मोठं खोकंच लागतं. ऑफिसने ते खोकं मला घरी नेऊ दिलं, पण एका अटीवर, की चित्रं वेळेवर आली पाहिजेत. नाही आली तर पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे खोकं इथं टिकलं तर मी इथं, नाहीतर अण्णा परत एकटे. हे अण्णांनाही ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण फोनवर बोलताना ते समोरच असायचे.

खोकं उघड्यावर ठेवायची सोय नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. कारखान्याचं धुराडं अजून तिथंच आहे. उसाचं गाळप सुरू झालं की काळी काजळी पडायला लागते, अंगणात, दोरीवरच्या कपड्यांवर, चहाच्या कपात. अण्णा कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्यांची वजनं करायचे, त्या पगारावर आपण जेवलो, त्यामुळे काजळीला घरात कुणी नावं ठेवायची नाहीत असा तुझा नियम होता. कंप्युटरला हा नियम माहीत नाही. त्याचे पंखे हवा आत ओढतात, हवेबरोबर काजळी ओढतात आणि तुंबतात. म्हणून खोकं बंद कपाटात हवं. आणि बंद कपाटात ठेवलं की तापतं. सगळं घोडं इथंच अडलं होतं.

तुझाही हाच पेच होता, दुधाचा. जाळी उघडी ठेवली तर सायीवर काळे कण, झाकून टाकली तर आत कोंडून दूध नासायचं. मग तू तुझ्या जुन्या हिरव्या पातळाचा तुकडा ओला करून, पिळून, जाळीच्या दारांवर लावायचीस. वर दोन खिळे होते, त्यांना टोकं अडकवायची. काजळी फडक्याला चिकटायची आणि आत गार राहायचं. कपाटाचे चार पाय चार वाट्यांत, वाट्यांत पाणी, मुंग्या चढू नयेत म्हणून. दुपारी फडकं परत ओलं करायचं काम माझं. मी सहावीत असेन. एकदा शाळेतून आले, फडकं बादलीत बुचकळलं आणि तसंच लटकवून खेळायला पळाले. पाणी निथळून जाळीतून आत गेलं, थेट पातेल्यात. त्या संध्याकाळी नेमकं अण्णांच्या साहेबांना चहाला बोलावलेलं. पाहुणे गेल्यावर तू मला मोरीपाशी उभी केलीस. "पिळायला हात न्हाईत व्हय गं तुला? वलं म्हंजे थबथबलेलं न्हवं." मग फडक्याचं एक टोक माझ्या हातात दिलंस, दुसरं तुझ्या हातात, आणि दोघींनी उलट्या बाजूंनी पीळ दिला, थेंब पडायचा थांबेपर्यंत. नंतर वाटीत साय आणि साखर दिलीस. रागावलीस की तू काहीतरी खायला द्यायचीस, त्यामुळे मला तुझ्या रागाची कधी नीट भीतीच बसली नाही.

तू गेलीस ती ऐन हंगामात. मी बारावीला होते. सकाळी छातीत दुखतंय म्हणालीस, तरी आधी फडकं पिळून लावलंस आणि मग अण्णांबरोबर रिक्षात बसलीस. संध्याकाळी अण्णा तुला घेऊन आले. घरात माणसं मावत नव्हती. मी स्वयंपाकघरात जाते, तर फडकं वाळून कडक झालेलं, काळं पडलेलं. दिवसभर ते ओलं करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उभी राहते आणि मला रडू येत नाही. बाहेर बायका म्हणत होत्या, हिला रडवा गं, आतल्या आत राहील. आतल्या आत काय राहायचं होतं कुणास ठाऊक, मला तरी तिथं काही सापडलं नाही. पुढे लग्न मोडलं तेव्हाही तसंच झालं. कागदांवर सह्या केल्या, बाहेर येऊन वडापाव खाल्ला, तिखट होता. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी खिळ्यांवर फडकं नव्हतं. कुणीतरी टाकून दिलं असेल असं मी धरून चालले.

तर कपाट. श्रीगोंद्याच्या रस्त्याला एक सुतारकाम करणारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते आले, लाकडावर टकटक केलं आणि म्हणाले, "कडूलिंबाचं हाय ताई, तुमच्या-आमच्या मागंबी ऱ्हाईल. पन ही जाळी काढून टाका. सनमायका मारतो. शो येईल." मला काजळी आत नको होती, म्हटलं येऊ दे शो. जाळीची दारं टाकून द्या म्हटल्यावर त्यांनी ती काढून नेली आणि प्लायची गुळगुळीत दारं बसवली. इतकी चोख की पोस्टकार्ड घुसणार नाही. खोकं आत ठेवलं, वायरींना मागून भोक पाडलं, दारं लावली आणि काम सुरू केलं. थोड्या वेळात खोकं बंद. परत सुरू केलं, परत बंद. दार उघडलं तर तोंडावर धग आली आणि सनमायकाच्या गोंदाचा वास. तापलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, तीच हवा आत फिरून परत तापत होती. दारं उघडी टाकून काम करावं तर काजळी. पहिलं चित्र उशिरा गेलं.

जाळीची दारं परत आणायला चाचांकडे गेले, तर ती त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याला लागलेली. चाचा ओशाळले. "टाकून द्या म्हनला हुता ना ताई तुमी." म्हटलं होतं खरं. मग कोंबड्या बाहेर काढल्या, दारं सोडवली आणि मी ती रिक्षात मांडीवर धरून घरी आणली. सोडा लावून घासली तरी कोंबड्यांचा वास जाता जाईना. चाचांनी ती परत बसवून दिली. अण्णा स्टुलावर बसून बघत होते, काम झाल्यावर उठून त्यांनी जाळीवरून हात फिरवला आणि चाचांना चहा विचारला. ते स्वतःहून कुणाला चहा विचारत नाहीत, म्हणून लक्षात राहिलं.

जाळीनं धग कमी झाली, पण थोड्याच दिवसांत पंख्यांवर काजळीचा थर बसला आणि दुसरं चित्रही उशिरा गेलं. ऑफिसच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते, हात भरलेले, म्हणून फोन मोठ्या आवाजात ठेवला. साहेब सभ्य माणूस आहेत. म्हणाले, "तुमच्या घरच्या अडचणी मला कळतात. पण अजून एकदा असं झालं तर तुम्हाला इकडेच यावं लागेल." अण्णा ताटावर बसले होते. त्यांनी भाकरी दुधात कुस्करली आणि जेवले. मीही जेवले. भांडी घासली. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही मला दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम लावून मी गिरणीत दळण आणायला गेले. परत आले तर घर गप्प. खोकं चालू असलं की घरभर एक घूं असा आवाज असतो, तो नव्हता. स्वयंपाकघरात गेले तर कपाटाच्या जाळीवर ओलं फडकं. दोन्ही टोकं दोन्ही खिळ्यांना अडकवलेली. कपाटाच्या पायांशेजारी चार वाट्या, पाण्याने भरलेल्या. कपाट उचलून त्या पायांखाली सारणं अण्णांना झेपलं नसणार. ते स्वतः स्टुलावर, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. फडकं थबथबलेलं होतं, पाणी निथळून जाळीतून आत खोक्यावर पडत होतं. मी आधी बटण बंद केलं, वायर उपटली. मग म्हटलं, "अण्णा, ते दूध नाहीये."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"तापतंय म्हनलीस ना तू? तापलं की वलं फडकं ठिवत्यात. तुला ताप आला की तुजी आई काय ठिवायची?"

ह्यावर काय बोलायचं, आई, तूच सांग. मी वाट्या उचलून बाजूला ठेवल्या. मग ते म्हणाले, "म्या पिळलं हुतं. पन हातात जोर न्हाई ऱ्हायला."

झालं होतं असं, की ओल्या फडक्यानं जाळी बुजली, हवा थांबली आणि खोकं तापून आपणहून बंद पडलं. पाणी झिरपून खोक्याच्या आत पोचलं ते त्यानंतर. चालू असताना गेलं असतं तर जळून गेलं असतं. फडकं खिळ्यांवरून सोडवताना मी त्याचा काठ पाहिला. पिवळा काठ, आणि एका कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके. ते टाके माझे. शाळेत शिवण शिकवलं त्या आठवड्यात मी घरातलं जे सापडेल ते शिवत सुटले होते आणि तू करू दिलं होतंस. म्हणजे फडकं कुणी टाकून दिलं नव्हतं. अण्णांनी ते धुऊन, घडी घालून एवढी वर्षं ठेवलं होतं आणि मला पत्ता नाही. कुठं ठेवलं होतं, ते मी विचारलं नाही. आपल्याला आता आतून काहीतरी व्हायला हवं, असं मात्र मला स्पष्ट वाटलं. मग मी फडकं दोरीवर टाकलं आणि खोकं उघडायला बसले.

आतले भाग एकेक काढून चादरीवर मांडले, पुसले, टेबलफॅन लावला. पूर्ण वाळल्याशिवाय बटण दाबायचं नाही असं ठरवलं. अण्णांनी खिडकी लावून घेतली, स्टूल आणलं आणि चादरीच्या कडेला राखणीला बसले. कुरडया वाळत घातल्यावर तू त्यांना असंच बसवायचीस. जेवायला उठेनात, ताट तिथंच दिलं. मधूनच विचारायचे, "वाळलं का?" मी म्हणायचे, अजून नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चादरीकडे बघत ते म्हणाले, "न्हाई झालं चालू तर तू जा. मी न्हाई लावायचा हात गॅसला. खानावळीचा डबा लावून दी." हे त्यांनी इतकं बेतानं म्हटलं की आधी मनात बऱ्याचदा म्हणून पाहिलं असणार. मी "बघू" म्हटलं. तुला वाटेल मी निगरगट्ट झाले आहे. तसंही असेल.

ते चालू झालं. सकाळी सगळे भाग परत जोडले, बटण दाबलं, पंखे फिरले. अण्णांना पडद्यावरचं नीट दिसत नाही, ते खोक्याच्या आवाजाकडे कान लावून होते. "हाय," म्हणाले, आणि जाऊन झोपले. उठले ते दुपारी.

मग मी चाचांना परत बोलावलं आणि या वेळी शोचं नाव काढू दिलं नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. मधल्या कप्प्याची अखंड फळी काढून तिथं पट्ट्या ठोकल्या, मध्ये फटी सोडून, म्हणजे खालून गार हवा वर येते. मागच्या बाजूला वर दोन भोकं पाडून छोटे पंखे बसवले, ते तापलेली हवा मागं फेकतात. खोकं हलू नये म्हणून खाली दोन स्क्रूंनी पक्कं केलं. पुढं तुझी जाळी तशीच. राहिली काजळी. ती येते स्वयंपाकघराच्या एकाच खिडकीतून, तेव्हा फडकं कपाटाला न लावता खिडकीला लावायचं ठरवलं, खोक्यापासून लांब. पाणी पडलं तर ओट्यावर पडेल. हवा फडक्यातून गाळून येते, जरा गारही होऊन येते, आणि खोकं तीच ओढतं. चाचा जाताना कपाटाकडे बघून म्हणाले, "शो गेला ताई." म्हटलं, गेला.

ते अडकलेलं चित्र कसंबसं वेळेत गेलं, आणि तेव्हापासून एकही चित्र उशिरा गेलेलं नाही. रोज सकाळी अण्णा फडकं बादलीत बुचकळतात आणि मला हाक मारतात. मी परातीतलं पीठ तसंच सोडून जाते, एक टोक मी धरते, एक ते. ते एका बाजूनं पीळ देतात, मी उलट्या बाजूनं. त्यांच्याकडून फारसा बसत नाही, तेवढा मी माझ्याकडून जास्त देते. थेंब थांबला की ते "बास" म्हणतात आणि फडकं खिडकीला नेऊन लावतात. पहिल्या दिवशी पिळताना माझे ते वेडेवाकडे टाके बोटाखाली आले आणि मला वाटलं, आता येतंय रडू. नाही आलं. पण मी पीळ देतच राहिले, पाणी संपलं तरी. अण्णा म्हणाले, "आगं फाटंल," तेव्हा थांबले.

परवा साहेबांचा फोन आला. कामावर खूश होते. पुण्यात मोठा प्रकल्प आला आहे, वरची जागा देतो म्हणाले, खोकं घेऊन पुढच्या महिन्यात या. मी म्हटलं, "सर, ते कपाटात कायमचं बसवलं आहे. काढता येत नाही." ते म्हणाले, "असं कसं बसवलं?" मी म्हटलं, "मिस्त्रींनी तसं केलं." बिचाऱ्या चाचांवर ढकललं. साहेब म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्या कुणाला तरी बघतो. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं ऐकत नाहीत.

काल सकाळी फडकं पिळताना म्हणाले, "दोन तर स्क्रू हायत त्याला."

"हायत," मी म्हटलं.

मग ते "बास" म्हणायला विसरले, आम्ही पीळ देत उभे राहिलो.

हे मी त्याच खोक्यावर लिहिलं आहे, म्हणजे तुझ्या कपाटातच राहील, दुधाच्या कप्प्यात. पाठवायचं तर कुठंच नाही. अण्णांना वाटतं मी त्यांच्यासाठी खोटं बोलले, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं आहे. तुला खरं सांगते. साहेबांशी बोलताना अण्णा माझ्या मनात नव्हतेच, आई. मला स्वतःलाच इथून जायचं नव्हतं.